योनिमुखाचा लायकेन स्क्लेरोसस : रोजची निगा

योनिमुखाभोवतीची त्वचा, भगोष्ठ (योनिमुखाचे आतले व बाहेरचे ओठ) आणि गुदद्वाराचा परिसर येथे होणारा दीर्घकालीन दाहक त्वचाविकार. त्वचा पांढरी पडते, पातळ होते, चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. जराशा घर्षणाने तिला चिरा जातात किंवा खाली रक्त साकळून जांभळे डाग उमटतात. खाज हे मुख्य लक्षण. ती रात्री वाढते आणि कित्येकींची झोप मोडते. लघवी करताना आग, शौचाच्या वेळी दुखणे, संबंधाच्या वेळी वेदना हे त्यामागोमाग येते. दुर्लक्ष झाले तर आतले ओठ हळूहळू विरून बाहेरच्या ओठांना चिकटतात, भगशिश्निकेवरचा (क्लिटोरिसवरचा) पदर जुळून बंद होतो आणि योनिमुख अरुंद होते. योनीच्या आत मात्र हा विकार सहसा जात नाही.

फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ हालोपो यांनी १८८७ साली या विकाराचे वर्णन केले. पाळी सुरू होण्याआधीच्या मुली आणि पाळी गेलेल्या स्त्रिया या दोन वयोगटांत तो जास्त आढळतो, पण मधल्या वयातही होतो. पुरुषांच्या शिश्नावरही होतो. शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटणे हे त्यामागचे मुख्य कारण मानले जाते. अनेक रुग्णांना सोबत थायरॉइडचा विकार असतो. लायकेन स्क्लेरोसस संसर्गाने होत नाही, नवऱ्याला लागत नाही आणि अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही. हे शेवटचे ठासून सांगावे लागते, कारण खाज सुटली की बहुतेक जणी आधी साबण वाढवतात आणि त्याने त्रास दुप्पट होतो.

निदानाला अनेकदा वर्षे जातात. पांढरा डाग पाहून कोड समजले जाते, खाज पाहून बुरशी. कोडात त्वचेचा रंग जातो, पोत बदलत नाही आणि खाज सहसा नसते. इथे पोतच बिघडतो. बुरशीची औषधे पुन्हा पुन्हा घेऊनही खाज परत येत असेल, तर कोणीतरी प्रत्यक्ष तपासून पाहणे गरजेचे असते. लाजेपोटी लक्षणे नुसती तोंडी सांगून औषध आणले जाते, आणि तिथेच गाडी अडते. शंका असेल तर डॉक्टर त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात.

उपचाराचा कणा एकच आहे : तीव्र स्टेरॉइड मलम, बहुतेक वेळा क्लोबेटासॉल प्रोपियोनेट ०.०५ टक्के. रूढ पद्धत अशी की पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका वेळेला एवढे किंवा याहून कमी पुरते, आणि या हिशोबाने ३० ग्रॅमची ट्यूब तीन महिने चालते. ती महिनाभरात संपत असेल तर मलम जास्त लागते आहे. क्रीमपेक्षा तेलकट मलम बरे, कारण क्रीममधले संरक्षक पदार्थ चिरांवर झोंबतात.

लावण्याची जागा चुकणे ही नेहमीची गोष्ट. पलंगाच्या कडेला एक पाय वर घेऊन किंवा उकिडवे बसून, हातात आरसा धरून पहिल्या काही वेळा जागा नीट पाहून घ्यावी : भगशिश्निकेवरचा पदर, दोन्ही बाजूंचे आतले ओठ, खाली योनी व गुदद्वार यांमधला भाग, आणि डाग असतील तर गुदद्वाराभोवतीही. कंबर किंवा गुडघे साथ देत नसलेल्या वयस्क स्त्रीला एकदा डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने बोट ठेवून दाखवले की पुढे ते हाताला कळते. मलम पातळ लावावे, जिरेपर्यंत हलक्या हाताने फिरवावे, मग हात धुवावेत. त्वचा मऊ ठेवणारे, औषध नसलेले साधे स्निग्ध मलमही वापरायचे असेल तर दोन्हींत अर्धा तास जाऊ द्यावा.

खरी अडचण भीतीची आहे. ट्यूबसोबतच्या कागदावर जांघेत वा गुप्तांगावर लावू नये असे छापलेले असते, आणि घरात कोणीतरी ‘स्टेरॉइड वाईट’ म्हणतेच. भारतात ही भीती निराधार नाही. क्लोबेटासॉल, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकाच ट्यूबमध्ये घालून केलेली मलमे मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेऊन नायट्यावर चोपडल्याने असंख्य लोकांची त्वचा बिघडली. अखेर २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडे चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत घातली. ती मिश्र मलमे या विकारातही नकोत. त्यांतल्या निओमायसिन या प्रतिजैविकाची ॲलर्जी अनेकांना होते. पण योग्य निदानानंतर, ठरलेल्या मापात लावलेले साधे क्लोबेटासॉल ही वेगळी गोष्ट आहे. इथली त्वचा औषधाने जितकी पातळ होईल त्याहून कितीतरी अधिक नुकसान विकार करतो.

खाज थांबली म्हणजे विकार थांबला, असे नसते. त्वचा आतून आवळत राहू शकते, म्हणून बरे वाटू लागल्यावरही आठवड्यातून एकदा-दोनदा मलम चालू ठेवण्याचा सल्ला बहुतेक तज्ज्ञ देतात. ऑस्ट्रेलियात ५०७ स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित उपचार घेणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही योनिमुखाचा कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. उपचारात खंड पाडणाऱ्या १५० जणींपैकी सातजणींना यांपैकी एक झाले.

मलमाइतकेच महत्त्व धुण्याला. साबण, डेटॉल, सुगंधी ‘इंटिमेट वॉश’, ओले वाइप्स, तुरटीचे किंवा कडुनिंबाचे पाणी हे सगळे बंद. कोमट पाणी पुरते. हवे तर सुगंध नसलेले स्निग्ध मलम साबणाच्या जागी लावून धुवावे. अगदी गरम पाण्याने खाजेला क्षणभर भारी आराम मिळतो, नंतर ती दामदुप्पट वसूल होते. जेट स्प्रेचा जोर कमी ठेवावा. मग्ग्याने हळू पाणी सोडणे सर्वांत सोपे. पुसताना चोळू नये, मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. लघवी झोंबत असेल तर आधी पांढऱ्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. वयोमानाने लघवी निसटत असेल तर हा थर दिवसभर लागतो आणि त्या तक्रारीवर वेगळा इलाजही करावा लागतो, कारण ओलीमुळे विकार चिघळतो. पॅराफिन असलेली अशी मलमे साडी-परकरात मुरली तर कापड पटकन पेट घेते. स्वयंपाकघरात वावरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कपडे सैल आणि सुती. घट्ट जीन्स, लेगिंग, कृत्रिम धाग्याची चड्डी यांनी घर्षण होते आणि जिथे त्वचा घासली जाते तिथे नवा डाग उठू शकतो. सायकलचे कडक सीटही त्याच कारणाने त्रासदायक. घरी असताना, विशेषतः रात्री, चड्डी न घालणे उत्तम. रोज पँटी लायनर लावण्याची सवय सोडावी. पाळीत प्लास्टिकच्या पृष्ठभागाच्या पॅडपेक्षा सुती पॅड सोसतात, पण कपड्यात साबण राहू नये म्हणून ते दोनदा खळबळावेत. रात्रीच्या खाजेसाठी नखे कापलेली ठेवणे आणि कापडात गुंडाळलेली थंड पिशवी काही मिनिटे धरणे एवढे तरी हाताशी असते. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये; गुदद्वाराशी चीर असताना कडक शौच फार दुखते, त्यापेक्षा रात्री इसबगोल बरा. अमुक पदार्थ सोडल्याने विकार जातो असा पुरावा नाही.

लैंगिक संबंधाबद्दल दवाखान्यात सहसा कोणी विचारत नाही आणि स्त्रीही बोलत नाही. त्वचेवर चिरा असताना थांबावे, एरवी पुरेसे वंगण वापरावे. तेलकट वंगणाने लेटेक्सचा निरोध फाटू शकतो. पाळी गेल्यावरच्या कोरडेपणासाठी योनीत वापरायचे इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक उपयोगी पडते, मात्र त्याने लायकेन स्क्लेरोसस बरा होत नाही. योनिमुख अरुंद झाले असेल तर विस्तारक (योनीत घालायची गुळगुळीत नळी, डायलेटर) वापरून हळूहळू जागा मोकळी करता येते. चिकटलेल्या त्वचेसाठी क्वचित शस्त्रक्रिया करतात, तीही विकार आटोक्यात आल्यावर. लेसरच्या जाहिराती शहरांतून दिसतात. तो मलमाला पर्याय ठरलेला नाही.

लहान मुलीला हा विकार झाला तर ती सतत खाजवते, शौच रोखून धरते, आणि जांभळे डाग पाहून लैंगिक अत्याचाराचा संशय येऊ शकतो. तो तपासणीने, घाई न करता सोडवावा लागतो; एक गोष्ट असल्याने दुसरी नसतेच, असेही गृहीत धरता येत नाही. उपचार मोठ्यांसारखाच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. वयात आल्यावर विकार आपोआप जाईल या भरवशावर थांबू नये.

महिन्यातून एकदा आरशात पाहणे हा निगेचाच भाग. न भरणारी जखम, गाठ, जाड होत जाणारा खरखरीत चट्टा, रक्त येणे किंवा नेहमीच्या मलमाला न जुमानणारी खाज दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञ किंवा स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. सारे ठीक असले तरी उपचार सुरू केल्यानंतर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी करतात.