प्लेटिंग लवकर व्हायला हवंय? बॅटरी वाढवू नका

आमच्या कॉपर प्लेटिंग किटचं (चावीसारख्या वस्तूवर विजेने तांब्याचा थर चढवायचं किट) द्रावण म्हणजे व्हिनेगर आणि चिमूटभर मीठ, कारण मुलांच्या हातात सल्फ्युरिक अ‍ॅसिड द्यायचं नाही हे आमचं पक्कं आहे. पण मग काम हळू होतं, तास संपत आला तरी चावीवर नुसती लालसर झाक, आणि लगेच कुणीतरी दीड व्होल्टचा सेल काढून नऊ व्होल्टची बॅटरी लावतं. ते प्लीज करू नका.

किती तांबं बसणार हे करंट आणि वेळ यावर ठरतं. 1 अ‍ॅम्पिअर 1 तास गेला तर जास्तीत जास्त 1.19 ग्रॅम, म्हणजे 50 मिलीअ‍ॅम्पिअरला तासाभरात 0.06 ग्रॅमच्या आसपास. पण करंट वाढवला तरी चावीजवळ तेवढे तांब्याचे आयन (द्रावणात विरघळलेले तांब्याचे विद्युतभारित कण) हवेत ना, ते नसले की जास्तीचा करंट हायड्रोजनचे बुडबुडे काढण्यात जातो आणि थर काळपट, भुसभुशीत होतो, बोट फिरवलं की निघून येतो.

नव्या व्हिनेगरमध्ये तांबं नसतंच, खरी अडचण ही आहे! म्हणून चावी लगेच टाकू नका, आधी सेलच्या दोन्ही टोकांना तांब्याच्याच पट्ट्या लावून अर्धा-पाऊण तास सेल चालू ठेवा, द्रावणाला निळसर-हिरवट रंग यायला लागला की मग ऋण (-) टोकाच्या पट्टीऐवजी चावी लावा. आमच्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. बाकी मग भांडं कोमट पाण्यात ठेवा (40 अंश पुरे, उकळायचं नाही), अ‍ॅनोडची (सेलच्या धन (+) टोकाला जोडलेली) पट्टी मोठी घ्या आणि चावीच्या जवळ आणा पण टेकू देऊ नका, आणि अधूनमधून हळूच ढवळत राहा.

चावी सॅंडपेपरने घासून साबणाने धुवा, नंतर घासलेल्या भागाला बोट लावायचं नाही, तेलकट ठसा राहिला की तिथे थर धरत नाही. वायर जोडूनच द्रावणात सोडा, लोखंडी वस्तू असेल तर नक्कीच, कारण लोखंडावर करंट नसतानाही तांबं चढतं पण ते नीट चिकटत नाही.

अ‍ॅनोडला स्टेनलेस स्टीलचा चमचा कधीच वापरू नका, त्यातून विषारी क्रोमियम द्रावणात उतरू शकतं. खिडकी उघडी ठेवा, चष्मा घाला.

वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका, तांबं पाण्यातल्या जिवांना घातक असतं. लेबल लावून बाटलीत भरून ठेवा, त्यात तांबं आधीच उतरलेलं असल्यामुळे पुढच्या बॅचला चावी थेट लावता येते.