किलोभर पाण्याआड पासष्ट ग्रॅम चरबी

वजन उतरवायला निघालेल्या माणसाचा पहिला आठवडा बहुधा झकास जातो. दोन-दोन किलो झरझर उतरतात. दुसऱ्या आठवड्यात काटा जागचा हलत नाही आणि तिसऱ्यात एखाद्या सकाळी चक्क किलोभर वर जाऊन बसतो. खाणं तेच, व्यायामही तोच. बरेच जण इथेच वैतागून नाद सोडतात. खरं तर या तिन्ही आठवड्यांत त्यांची चरबी जवळपास सारख्याच वेगाने घटत असू शकते.

हिशेब करून पाहू. शरीरात साठलेल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. गरजेपेक्षा रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या, तर दिवसाला जेमतेम ६५ ग्रॅम चरबी खर्च होते. घरातले बरेच काटे १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात, म्हणजे दिवसभराची सगळी मेहनत त्यांना दिसतच नाही. वर पाव लिटर पाणी पिऊन काट्यावर उभं राहिलं, की चार दिवसांत घटलेली चरबी त्या एका पेल्याने झाकली जाते.

आणि पाणी काही पेल्यातूनच येतं असं नाही. यकृत आणि स्नायू मिळून ग्लायकोजेनच्या रूपात साधारण अर्धा किलो कर्बोदकं साठवून ठेवतात. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं कमी केलं की आधी हा साठा उपसला जातो आणि त्याच्याबरोबर पाणीही. साठा पुरता रिकामा झाला तर दोन किलो गेले, आणि त्यात चरबी औषधालाही नाही! पहिल्या आठवड्याच्या करामतीत मोठा वाटा याचाच. मग एखाद्या दिवशी ताव मारून जेवण झालं की साठा भरतो, पाणी परततं आणि काटा वर जातो. ही चढलेली चरबीच, असं समजून हाय खाण्याचं कारण नाही. किलोभर चरबी चढायला ७,७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात, म्हणजे रोजच्या जेवणाखेरीज आणखी तीन-चार दिवसांचं जेवण.

मीठही हाच खेळ करतं. शिरेतून देतात त्या सलाइनमध्ये लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्तातल्या क्षारांचं प्रमाण त्याच्या आसपास असतं. जेवणातून जास्तीचं मीठ आलं, की मूत्रपिंडं ते बाहेर टाकेपर्यंत शरीर त्या प्रमाणात पाणी अडवून धरतं. नव्याने व्यायाम सुरू केल्यावर दुखऱ्या स्नायूंतही पाणी साचतं. अनेक स्त्रियांचं वजन पाळीच्या आधी वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. त्यांनी आजच्या आकड्याची तुलना मागच्या चक्रातल्या त्याच दिवसाशी केलेली बरी.

इटलीतल्या पादुआचे वैद्य सांतोरिओ सांतोरिओ यांनी चारशे वर्षांपूर्वीच या नोंदींचा ध्यास घेतला होता. मोठ्या तराजूला टांगलेल्या खुर्चीत बसून ते स्वतःचं वजन, खाल्लं-प्यालेलं, शरीराबाहेर गेलेलं असं सगळं तोलत. हा उद्योग सुमारे तीस वर्षं चालला. खाल्ल्यापैकी बराच भाग मलमूत्राच्या हिशेबात सापडत नाही, तो न दिसता निघून जातो, असा निष्कर्ष त्यांनी १६१४ मध्ये छापला. चरबीपुरतं नेमकं गणित २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडलं: १० किलो चरबी जळाली, की तिच्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातात आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं. घाम गाळून चरबी वितळते, या समजुतीचा तिथेच निकाल लागतो.

मग रोज वजन करावं का? माझ्या मते करावं. आकडा मनाला लावून घेणाऱ्यांनी मात्र खुशाल टाळावं. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. आजचा आकडा थेट कालच्या आकड्याशी ताडायचा नाही. आजचं वजन कालच्या सरासरीपेक्षा जितकं वेगळं, त्याचा दशांश त्या सरासरीत धरायचा. सरासरी ७८.० असताना काटा ७९.० म्हणाला, तर नवी सरासरी ७८.१. काटा ७७.० म्हणाला, तर ७७.९. पाण्याचे चढउतार बरेचसे आपापसांत फिटतात आणि चरबीचा उतार हळूहळू दिसू लागतो. ही सरासरी महिनाभर हललीच नाही, तर वजन खरोखर थांबलं असण्याची शक्यता मोठी. शरीर हलकं झालं की त्याची गरजही घटते आणि सुरुवातीची ५०० कॅलरींची तूट आटत जाते.

चरबीची टक्केवारी सांगणाऱ्या काट्यांवर माझा फारसा भरवसा नाही. ते तळपायांतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह सोडतात, त्याला होणारा अडथळा मोजतात आणि बाकीचं सूत्राने ठरवतात. शरीरातलं पाणी कमी-जास्त झालं की त्यांची टक्केवारी बदलते, म्हणजे फिरून पाणीच! त्यापेक्षा शिंप्याची टेप बरी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यावर माप घ्यायचं. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली पद्धत हीच. तेवढ्याच वजनाचा स्नायू चरबीपेक्षा कमी जागा घेतो, त्यामुळे वजन तेच राहूनही कंबर उतरू शकते.

मनगटावरच्या उपकरणांचं काय? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशी सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके मोजण्यात सहा उपकरणांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. जळालेल्या कॅलरींच्या बाबतीत सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं. घड्याळ ४०० जळाल्या म्हणतं म्हणून वर ४०० खाणं, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

ठोके मात्र त्याच्याकडून जरूर मोजून घ्यावेत. नियमित चालणं-पळणं सुरू झालं की काही आठवड्यांत हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं आणि विश्रांतीतले ठोके कमी होतात. ताकद तर त्याहूनही लवकर वाढते. स्नायू भरण्याआधीच मज्जासंस्था त्यांतले जास्त तंतू एका वेळी कामाला लावायला शिकते. पाच पुशअपला थकणारा माणूस आठांवर जातो, तेव्हा त्याचं वजन ग्रॅमभरही बदललेलं नसू शकतं.