पात्ररचना, गाचा खेळांतील

सोडतीच्या पद्धतीने पात्रे मिळवून देणाऱ्या आणि प्रकाशनानंतरही वर्षानुवर्षे भर घालत चालविल्या जाणाऱ्या डिजिटल खेळांत पात्राचे रूप, पोशाख, हालचाली, आवाज व लढाईतील गुणधर्म यांची केलेली आखणी. अशा खेळातील पात्र कथेतील व्यक्ती असते, तशीच ती विक्रीची वस्तूही असते. त्यामुळे पात्ररचना एकदा ठरली म्हणजे संपली, असे होत नाही. मात्र विकलेली वस्तू परस्पर बदलता येत नसल्याने येथील बदल बहुधा जुने पुसून होत नाहीत. जुन्यावर नवे थर चढवून होतात.

संज्ञा व उगम : ‘गाचा’ हा जपानी अनुकरणवाचक शब्द आहे. नाणे टाकून खेळणी देणाऱ्या यंत्राची मूठ फिरवताना होणारा आवाज ‘गाचा’ आणि प्लास्टिकची कुपी खाली पडतानाचा ‘पॉन’, असे ‘गाचापॉन’ या नावाचे स्पष्टीकरण सर्वसाधारणपणे दिले जाते. जपानी उच्चार ऱ्हस्व ‘गचा’ असा असला, तरी रोमन लिपीवरून केलेले ‘गाचा’ हे लेखन येथे स्वीकारले आहे. ही यंत्रे 1965 मध्ये अमेरिकेतून जपानमध्ये आली. 1977 मध्ये बांदाई कंपनी या धंद्यात उतरली व तिचे ‘गाशापॉन’ हे व्यापारचिन्ह पुढे प्रचारात आले.

पडद्यावरचा पहिला गाचा कोणता, याविषयी एकमत नाही. एक पक्ष ‘मेपलस्टोरी’ या कोरियन खेळाच्या जपानी आवृत्तीत 2004 च्या सुमारास विकल्या गेलेल्या गाचापॉन तिकिटांकडे बोट दाखवतो. दुसरा पक्ष कोनामी कंपनीच्या ‘ड्रॅगन कलेक्शन’ (2010) या चित्रपत्त्यांच्या मोबाइल खेळाला हा मान देतो. केवळ यंत्रणेचा विचार केल्यास पहिले मत ग्राह्य ठरते. पात्ररचनेच्या दृष्टीने मात्र दुसरे अधिक उपयुक्त वाटते. तिकिटांतून मिळत ती साधने व शोभेच्या वस्तू. चित्रपत्त्यांच्या खेळांत पत्त्यावरची आकृती हेच सोडतीचे बक्षीस झाले आणि चित्रकाराच्या कामाला थेट बाजारभाव आला.

त्या काळातील पत्त्यांचे खेळ ‘कॉम्पू गाचा’वर पोसले होते. सोडतीतून ठरावीक पत्त्यांचा संच पुरा केला, की एखादा अतिदुर्मीळ पत्ता मिळे. जपानच्या ग्राहक व्यवहार संस्थेने मे 2012 मध्ये ही पद्धत बक्षीसविषयक कायद्यात बसत नसल्याचे जाहीर केले व 1 जुलै 2012 पासून ती निषिद्ध धरली गेली. त्यासाठी नवा कायदा करावा लागला नाही. खाऊच्या पाकिटांतील पत्ते जुळवण्याच्या स्पर्धांना आळा घालणारी 1977 ची जुनीच अधिसूचना कामी आली. संचाचे आमिष गेल्यावर एकेका पात्राला स्वतःच्या बळावर खरेदीदार ओढावा लागला, आणि पुढील दशकातील पात्ररचनेचा भरगच्चपणा येथूनच सुरू होतो, असे अनुमान करता येते. कालक्रम बव्हंशी त्याला पोषक आहे : ‘पझल अँड ड्रॅगन्स’ (फेब्रुवारी 2012) या निर्णयाच्या थोडा आधीचा असला, तरी ‘ग्रॅनब्लू फँटसी’ (मार्च 2014) व ‘फेट/ग्रँड ऑर्डर’ (जुलै 2015) त्यानंतरचे आहेत. ‘कान्ताई कलेक्शन’ (एप्रिल 2013) काटेकोर अर्थाने गाचा नव्हे, तरी युद्धनौकांना मुलींचे रूप देण्याचा व ‘काई नी’ म्हणजे दुसऱ्या सुधारणेनंतर त्याच मुलीचे नवे चित्र देण्याचा त्याचा परिपाठ इतरांनी उचलला.

उपपत्ती : जपानी समीक्षेत दोन मते वारंवार पुढे येतात. ओत्सुका एजी यांनी 1989 मध्ये मांडलेल्या ‘कथा-उपभोगा’च्या कल्पनेनुसार ग्राहक सुटे तुकडे विकत घेतो, ते त्यांमागील मोठी कथा हाती यावी म्हणून. त्यांचे उदाहरण बिक्कुरीमान चॉकलेटबरोबर मिळणाऱ्या चिकटचित्रांचे होते. मुले चित्र ठेवून घेत आणि चॉकलेट फेकून देत. अझुमा हिरोकी यांनी 2001 मध्ये याला उत्तर म्हणून ‘डेटाबेस-उपभोगा’ची कल्पना मांडली. त्यांच्या मते कथा गौण असून ग्राहकाला हवे असतात ते केसांचा रंग, मांजराचे कान, मोलकरणीचा पोशाख असे सुटे आकर्षक घटक. गाचा खेळांना अझुमांचे मत सहज लागू पडते, म्हणून तेच अधिक उद्‌धृत होते. मात्र दीर्घकाळ चाललेल्या खेळांत जुन्या पात्राची नवी रूपे खपतात, ती खेळाडूने त्या पात्राचा भूतकाळ वाचलेला असतो म्हणून. केवळ घटकांच्या यादीने याचा उलगडा होत नाही. या बाबतीत ओत्सुकांचे जुने मत पुन्हा विचारात घेण्याजोगे आहे.

रूपातील बदल : आरंभीच्या खेळांत पात्र म्हणजे एक स्थिर चित्र असे. पुढे लाइव्ह2डी, स्पाइन यांसारख्या साधनांनी तेच चित्र हलते झाले आणि मिहोयो कंपनीच्या ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ने (28 सप्टेंबर 2020) मुक्तपणे फिरता येणाऱ्या खुल्या जगातील त्रिमितीय पात्र सोडतीत आणले. दागिने, पट्टे, कापडाचे थर आणि खास हालचाली यांची गर्दी वर्षागणिक वाढत गेलेली दिसते. फोनची वाढलेली ताकद हे एक कारण झाले. शेकडो आधीच्या पात्रांहून नवे वेगळे दिसले पाहिजे, ही निकड त्याहून प्रबळ असावी. ‘फेट/ग्रँड ऑर्डर’मध्ये पात्रे अनेक चित्रकारांनी काढलेली असल्याने शैलीची एकवाक्यता मुळातच नव्हती. तेथे चित्रांपेक्षा लढाईतील हालचालीच अधिक जुनाट दिसू लागल्या व त्या टप्प्याटप्प्याने नव्याने करण्यात आल्या.

हायपरग्रिफ कंपनीच्या ‘आर्कनाइट्स’ने (चीन, मे 2019) वेगळी वाट धरली. मे 2021 मध्ये स्काडी या जुन्या पात्राचे ‘भ्रष्ट हृदय’ रूप स्वतंत्र पात्र म्हणून सोडतीत आले : तीच व्यक्ती, पण निराळा पोशाख, निराळे काम आणि निराळी किंमत. जुनी स्काडी ज्याच्याकडे होती त्याची ती तशीच राहिली.

गुणधर्मांतील बदल : नवी पात्रे जुन्यांहून बलवान होत जाण्याला खेळाडू ‘पॉवर क्रीप’ म्हणतात आणि बहुतेक चर्चा तेथेच थांबते. हे एकमेव सूत्र मानणे बरोबर नाही. जुन्या पात्राची सोडत ठरावीक काळाने पुन्हा लावली जाते (‘रीरन’), तेव्हा ते अगदीच निरुपयोगी होणे विक्रेत्यालाही परवडत नाही.

म्हणून पात्राला हात न लावता त्याच्या भोवतालचे जग बदलणे ही सर्वांत शांत युक्ती ठरते. ‘गेन्शिन’मध्ये 24 ऑगस्ट 2022 रोजी (आवृत्ती 3.0) डेंड्रो हे वनस्पतितत्त्व खेळता येण्याजोगे झाले. विद्युततत्त्वाशी त्याची नवी अभिक्रिया ठेवल्यामुळे फिशल, केचिंग ही पहिल्या दिवसापासूनची पात्रे एकाएकी मागणीत आली. त्यांच्या वर्णनातील एक अक्षरही बदलले नव्हते. ‘आर्कनाइट्स’मधील मॉड्यूल (2021) ही त्याच्या पुढची पायरी होय, यात जुन्या पात्रावर खेळाडू स्वतः मेहनतीने नवा थर चढवतो.

थेट बदल विरळा, आणि तो बहुधा वाढीच्याच दिशेने होतो. ‘गेन्शिन’मध्ये डिसेंबर 2020 मध्ये आलेला झोंगली कथेत देव, पण लढाईत दुबळा निघाला. चिनी खेळाडूंनी गदारोळ केला. रचना योजल्याप्रमाणेच आहे, असे कंपनीने आधी सांगितले; तरी फेब्रुवारी 2021 च्या आवृत्ती 1.3 मध्ये त्याचे बळ वाढवावे लागले. कपात किती अवघड आहे हे त्याच खेळातील न्यूविलेटच्या प्रकरणात दिसले. या पात्राला वेगाने गरगर फिरवण्याची खेळाडूंनी शोधलेली युक्ती जुलै 2024 मधील आवृत्ती 4.8 मध्ये दोषदुरुस्ती म्हणून बंद करण्यात आली. विरोध इतका झाला, की कंपनीने ती दुरुस्ती मागे घेतली आणि भरपाई म्हणून 1600 प्रिमोजेम (खेळातील चलन), म्हणजे दहा सोडतींचे मोल, वाटले. त्याच कंपनीच्या ‘होंकाई : स्टार रेल’ने जुलै 2025 मध्ये काफ्का, ब्लेड, सिल्व्हर वुल्फ व जिंगल्यू या जुन्या पात्रांची रचना उघडपणे नव्याने केली, तेव्हा जुनी रचना निवडण्याची मुभाही शिल्लक ठेवली. सावधगिरीची ही हद्दच म्हणावी लागेल.

बाह्य दबाव : नियमनामुळे झालेले बदल सहसा पोशाखात दिसतात. जानेवारी 2022 मध्ये ‘गेन्शिन’मधील अँबर, जीन, मोना व रोझारिया यांना अंग अधिक झाकणारे पर्यायी वेश मिळाले, चीनमध्ये तेच मूळ वेश ठरले, अन्यत्र ऐच्छिक राहिले. त्यामुळे एकाच पात्राची दोन अधिकृत रूपे दोन बाजारांत एकाच वेळी नांदू लागली. त्याच खेळातील सुमेरू (2022) आणि नाटलान (2024) या काल्पनिक प्रदेशांच्या पात्रांवर निराळा आक्षेप आला. दक्षिण आशिया, मध्यपूर्व, आफ्रिका व लॅटिन अमेरिका येथील संस्कृतींवरून नावे व वेश घ्यायचे, पण कांती गोरी ठेवायची, ही ती तक्रार. सुमेरूच्या रचनेत भारतीय धाटणीची नावे व अलंकार असल्याने भारतीय खेळाडूंना ही तक्रार जवळची होती. झोंगलीच्या बळासाठी जी तत्परता दाखवली गेली, ती येथे दिसली नाही.

सेवा बंद झाल्यावर : खेळाचा सर्व्हर बंद झाला, की पात्राची अखेरची अवस्थाही खेळाडूच्या हातून जाते. निन्टेन्डो व सायगेम्स यांचा ‘ड्रॅगालिया लॉस्ट’ सप्टेंबर 2018 मध्ये सुरू होऊन 30 नोव्हेंबर 2022 रोजी बंद पडला. त्यातील पात्रांची आधीची व नंतरची रूपे आज मुख्यतः चाहत्यांनी जपलेल्या चित्रफिती व पडदाचित्रे यांवरून पाहता येतात.