अश्रुधूर डोळ्यांना नेमके काय करतो?

केनियाची राजधानी नैरोबी येथे २५ जून २०२४ रोजी करवाढीच्या वित्त विधेयकाविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला, पाण्याचे फवारे मारले आणि गोळीबारही केला. १ जुलैपर्यंत आंदोलनात देशभर ३९ जण मरण पावल्याचे तेथील राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने सांगितले. ब्रिटिश १९६३ साली गेले. सभा-मोर्चांवरील त्यांचा १९५०चा कायदा मात्र मागे राहिला. गोळीबारावर निदान चर्चा तरी होते, अश्रुधूर हा जणू पोलिसी सौजन्याचा भाग मानला जातो.

पोलिसांच्या वापरातला ‘सीएस’ हा पदार्थ कॉर्सन आणि स्टॉटन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी १९२८मध्ये प्रथम तयार केला. तो वायू नसून पांढरी भुकटी असते. नळकांड्यातील जळणाऱ्या मिश्रणाने तिची वाफ होते आणि बाहेर येताच ती थंड होऊन सूक्ष्म कणांच्या रूपाने हवेत तरंगते.

खरी गंमत पुढे आहे. सीएसच्या रेणूत कार्बनच्या एका दुहेरी बंधाला दोन सायनो गट (कार्बन आणि नायट्रोजनच्या जोड्या) जोडलेले असतात. ते इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतात, त्यामुळे त्या बंधाच्या दुसऱ्या टोकाचा कार्बन इलेक्ट्रॉनांना वखवखलेला राहतो. डोळे, नाक आणि त्वचेतील वेदनावाही मज्जातंतूंच्या टोकांवर ‘टीआरपीए-१’ नावाचे प्रथिन असते. त्यातील सिस्टीन या अमिनो आम्लाच्या गंधकाकडे इलेक्ट्रॉन मुबलक असतात. तो कार्बन आणि हे गंधक यांच्यात सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीचा बंध) जुळतो, प्रथिनातील मार्ग उघडतो, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन पेशीत घुसतात आणि मेंदूला इजेचा संदेश जातो. मोहरी फेसताना नाकात चढणारी झणझणही याच प्रथिनाची करामत होय.

कांदा हुंगल्याने किंवा डोळ्यांखाली टूथपेस्ट लावल्याने अश्रुधूर उतरतो, या समजुतीला आधार नाही. कांद्याची वाफ तर तेच मज्जातंतू चेतवते. मोकळ्या हवेत जाणे आणि भरपूर पाण्याने डोळे धुणे, हाच उपाय.

१९९७पासून लागू असलेल्या रासायनिक अस्त्रबंदी करारानुसार हाच पदार्थ युद्धतंत्र म्हणून निषिद्ध, पण देशांतर्गत बंदोबस्ताला मात्र मान्य आहे. त्याला ‘कमी घातक’ म्हणतात ते माणूस लगेच दूर जाऊ शकेल हे गृहीत धरून, कारण शरीरात जाणारी मात्रा हवेतील प्रमाणावर आणि त्या हवेत काढलेल्या वेळावर ठरते. नळकांडे बंद खोलीत फोडले, किंवा गल्लीची दोन्ही तोंडे अडवून गर्दीवर मारा केला, तर ही दोन्ही परिमाणे नळकांडे फेकणाऱ्याच्या हाती जातात.