हा बिल्ला कोणी वाचायचा होता?

जुना लष्करी बिल्ला हातात आला की नजर आधी नक्षीवर जाते. मुकुट, गरुड, तोफ, एखादं ब्रीदवाक्य. त्यातून पलटणीचं नाव सापडलं की काम संपलं असं वाटतं. पण काही बिल्ल्यांवर पलटण नसतेच. समजा, चांदीसारखी दिसणारी, साधारण 3 सेंटीमीटर व्यासाची एक गोल चकती आहे. मधे 'जी.आर.आय.' ही अक्षरं एकमेकांत गुंफलेली, वर मुकुट, आणि कडेने इंग्रजीत 'राजा आणि साम्राज्यासाठी' व 'सेवा बजावली' अशा अर्थाचा मजकूर. लढाईचं नाव नाही, हुद्दा नाही. मागे एक लांब पिन आणि ठोकलेला क्रमांक.

अशा वस्तूला 'तू कोणाचा?' असं विचारून फारसं हाती लागत नाही. 'तुला कोणी वाचायचं होतं, आणि कुठे?' असं विचारलं तर ती बोलू लागते. या प्रश्नाची उत्तरं बहुतेक वेळा मागच्या बाजूला असतात. टोपीच्या बिल्ल्याला मागे एक सपाट उभी पट्टी असते, ती टोपीच्या कापडातल्या फटीत सरकवतात. नाहीतर दोन कड्या असतात आणि त्यांतून आडवी पिन जाते. शिरस्त्राणावरचा पत्रा किंचित बाक दिलेला असतो. अर्धचंद्राच्या आकाराचं बटण असेल तर ते साध्या कोटाच्या कॉलरवरच्या काजासाठी, म्हणजे नागरी कपड्यांसाठी. आणि पलटणीचं चिन्ह असलेली जाडजूड पितळी चकती माणसाची नसूही शकते. घोडदळात लगामाच्या तोंडातल्या लोखंडी भागावर, घोड्याच्या गालाशी, अशा चकत्या बसवत. त्या 'मोठ्या टोपीचा बिल्ला' म्हणून कितीतरी संग्रहांत सुखाने नांदत असतील.

मागची पिन मूळचीच आहे का, हेही तपासावं लागतं. युद्धावर गेलेल्या माणसाच्या टोपीचा बिल्ला घरच्या बायका ब्रोच करून वापरत. कड्या कापून पिन डाखली की जुन्या कड्यांच्या जागी दोन गोल डाग उरतात. तिरप्या उजेडात ते स्पष्ट दिसतात.

आता ती चकती खरंच चांदीची आहे का? आर्किमिडीजची युक्ती इथेही चालते. आधी हवेत वजन करायचं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून. दोन्हींतला फरक म्हणजे बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, त्यावरून घनता निघते. 92.5 टक्के चांदीच्या मिश्रधातूची घनता दर घन सेंटीमीटरला सुमारे 10.4 ग्रॅम येते. जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदी फक्त नावात असते, ते 8.7 च्या आसपास थांबतं. पिन वेगळ्या धातूची असेल तर आकडा थोडा सरकतो, पण एवढा नाही.

याहून नेमकं उत्तर क्ष-किरण प्रतिदीप्ती देते. क्ष-किरणांच्या माऱ्याने अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडतो, बाहेरचा त्याच्या जागी उतरतो, आणि उतरताना त्या मूलद्रव्याच्या ठरावीक ऊर्जेचा क्ष-किरण सोडतो. या ऊर्जा मोजल्या की तांबं, जस्त, निकेल, चांदी किती ते कळतं. मात्र ही पद्धत वरचा पातळ थरच वाचते. विजेने चढवलेला चांदीचा मुलामा तिला अस्सल चांदी वाटू शकतो, म्हणून पाण्यातलं वजन आणि हे यंत्र दोन्ही हवीत. बिल्ला ब्रासो लावून चकचकीत करणाऱ्यांना हात जोडून विनंती, की थांबा. कडांची झीज, खाचांत अडकलेला जुना रंग, पट्टीचे ओरखडे हाच पुरावा असतो.

आपली चकती चांदीची निघाली. 'जी.आर.आय.' म्हणजे जॉर्ज, राजा आणि सम्राट. त्यामुळे काळ 1910 नंतरचा. लांब पिन कोटासाठी, टोपीसाठी नाही. क्रमांक आहे, म्हणजे कुठेतरी नोंदवही आहे. आणि मजकुरातली सेवा 'बजावलेली' आहे, 'चालू' नाही. ती संपली आहे.

हा ब्रिटनचा 'सिल्व्हर वॉर बॅज', सप्टेंबर 1916 मध्ये सुरू झालेला. त्याआधी, पहिलं महायुद्ध सुरू झालं त्याच महिन्यात, ऑगस्ट 1914 मध्ये, इंग्लंडमधल्या फोकस्टन इथे निवृत्त अ‍ॅडमिरल चार्ल्स फिट्झजेराल्ड यांनी बायकांना हाताशी धरून एक मोहीम काढली होती: साध्या कपड्यांतला तरुण दिसला की त्याच्या हातात पांढरं पीस ठेवायचं. पांढरं पीस म्हणजे भित्रेपणाची खूण. ही लाट देशभर पसरली आणि तिच्या तडाख्यात आघाडीवरून जखमी होऊन परतलेलेही सापडले. जखम सदऱ्याखाली, गणवेश परत केलेला. रस्त्यावरच्या माणसाला काय कळणार? म्हणून जखमेमुळे वा आजारपणामुळे सेवेतून मुक्त झालेल्यांना हा बिल्ला साध्या कपड्यांवर, छातीच्या उजव्या बाजूला लावायला दिला गेला. असे दहा लाखांहून अधिक बिल्ले वाटले गेले. म्हणजे याचा वाचक लष्करातला कोणी नव्हता. पीस घेऊन उभी असलेली अनोळखी बाई हा त्याचा वाचक. पलटणीचं नाव तिच्या काय कामाचं? मागच्या क्रमांकावरून मात्र नोंदवहीत माणसाचं नाव, भरतीची आणि मुक्ततेची तारीख आणि कारणही सापडतं.

दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगारही याच संशयाच्या फेऱ्यात होते. त्यांच्यासाठी 'ऑन वॉर सर्व्हिस' असं लिहिलेले वेगळे बिल्ले निघाले, स्त्रियांसाठी 1916 मध्ये त्रिकोणी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी वाचक पुन्हा बदलला. कपड्यांची टंचाई होती, म्हणून सेवामुक्त सैनिकाला 30 दिवस गणवेश घालायची मुभा मिळाली. मग तो पळपुटा नाही हे लष्करी पोलिसांना कळावं कसं? उजव्या खिशावर शिवलेल्या कापडी गरुडाने. सैनिकांनी त्या गरुडाला 'जायबंदी बदक' म्हणून टाकलं आणि तेच नाव टिकलं. त्याच चिन्हाची कोटावर लावायची बटणं काही काळ प्लास्टिकची होती, कारण पितळ युद्धाला हवं होतं. साहित्य हलकं दिसलं की लगेच 'नकली' म्हणू नये ते यासाठी.

कापडी बिल्ल्याचा नकलीपणा ओळखायला अतिनील दिवा उपयोगी पडतो. कापड उजळ दिसावं म्हणून वापरली जाणारी रसायनं 1940 च्या दशकात बाजारात आली आणि ती अतिनील प्रकाशात निळसर चमकतात. 1916 चा म्हणवणारा दोरा असा चमकला तर शंका घ्यावी. अर्थात मधल्या काळात कोणीतरी तो डिटर्जंटमध्ये धुतलेला असू शकतो, त्यामुळे हा एकटा पुरावा पुरेसा नाही.

काही बिल्ल्यांचा वाचक अंधारात असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या जहाजांवर माणसं अंगावर किरणोत्सारी रेडियमच्या चमकत्या चकत्या लावत. आज त्या विझलेल्या दिसतात, पण विझलं आहे ते फक्त झिंक सल्फाइड, म्हणजे रेडियमच्या माऱ्याने चमकणारा पदार्थ. रेडियममधून सुटणाऱ्या अल्फा कणांनी त्याचे स्फटिक खराब झाले. रेडियम-226 चं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे, तेव्हा ते अजून जवळपास सगळं शाबूत आहे. गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार टिपणारं यंत्र, कडकडला तर चकती उघडायची नाही. आतली भुकटी श्वासात जाणं हाच खरा धोका.

आणि एक वस्तू अशी, जी कोणीच डोळ्यांनी वाचायची नव्हती. 1950 च्या दशकातलं अमेरिकी 'डीटी-60': गळ्यात घालायचं काळं प्लास्टिकचं पदक, आत चांदीचे अंश मिसळलेल्या फॉस्फेट काचेचा तुकडा. गॅमा किरण पडले की या काचेत असे बदल होतात की अतिनील प्रकाशात ती नारिंगी उजळते. जितकी मात्रा जास्त, तितका उजेड जास्त. घालणाऱ्याला यातलं काहीच दिसत नसे, आकडा यंत्रातच कळे. त्याची मोजपट्टी 10 पासून 600 रॉन्टजेनपर्यंत (रॉन्टजेन हे अशा किरणांच्या मात्रेचं एकक). प्रयोगशाळेत रोज थोडा थोडा किरणोत्सार झेलणाऱ्याला ती निरुपयोगी, कारण तिथे 10 म्हणजे आधीच अपघात. 600 म्हणजे उपचारांशिवाय बहुधा मृत्यू. हे पदक अणुबाँब पडून गेल्यानंतरच्या रांगेसाठी होतं, कोणाला पुन्हा कामावर धाडायचं आणि कोणाला इस्पितळात, हे ठरवण्यासाठी.