मृगाच्या आधी मोडेम का जळायचा?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी माळ्यावर एक खोका आहे. त्यात एक डायल-अप कार्ड, तीन एडीएसएल (फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडचे) मोडेम, दोन डोंगल आणि अॅडॉप्टरांचा गुंता. शहरातले मित्र म्हणतात, हार्डवेअर जुनं होऊन बिघडतं. या खोक्यातलं जवळपास सगळं मे-जूनमधल्या कुठल्या ना कुठल्या कडकडाटात गेलं आहे, बहुतेक ऐन उमेदीत.

देशात सामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झालं, तेही मोजक्या महानगरांत. आमच्याकडे ते आलं २००३ साली, नागपुरातून, बर्डीवर जुळवलेल्या कॉम्प्युटरसोबत. एमएस-सीआयटी करणाऱ्या पोराला सराव हवा, एवढंच बाबांना पटवायला पुरलं होतं. ५६ केबीपीएसचं मोडेम कार्ड थेट मदरबोर्डात खोचलेलं असायचं, म्हणजे फोनच्या तारेतून आलेला झटका सरळ बोर्डाच्या पोटात. पहिल्याच जूनमध्ये दोन्ही गेले.

मग ब्रॉडबँड आलं. २००४ च्या धोरणानं २५६ केबीपीएसपासून पुढच्या वेगाला हे नाव दिलं होतं. मोडेम आता बाहेर टेबलावर आला, पण तार तीच: तांब्याची, खांबाखांबांवरून आलेली. एडीएसएल त्याच तारेवर आवाजाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीत चालतं आणि एक्स्चेंजपासून अंतर वाढलं की मंदावतं. जॉइंटला पाणी लागलं की आणखीच. पण वेग हा वेगळा विषय. खरी भानगड अशी की मोडेमला दोन शेपट्या होत्या, एक फोनच्या तारेत, दुसरी लाईटच्या. झटका एकीकडून शिरून दुसरीकडून जमिनीकडे धावे, आणि वाटेत मोडेम.

स्पाइक गार्ड होता की! त्यातला व्हॅरिस्टर जादा दाब अर्थिंगच्या वाटेनं जमिनीत सोडतो. पण सोडायला जमीन तर हवी. निम्म्या घरांत बोर्डाची तिसरी पिन नावालाच. आमच्याकडे आजोबांनी कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा केला होता, म्हणून आम्ही निर्धास्त. इथं आमची माती आडवी आली. पऱ्हाटीची ही काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, ओल खोल जाते आणि खड्ड्यातल्या पट्टीला माती धड चिकटलेलीही राहत नाही. वळिवाच्या विजा नेमक्या याच दिवसांत येतात. जमीन वीज घ्यायला सर्वांत नालायक असते तेव्हाच आभाळ ती द्यायला बसतं. मुसळधार आषाढात मोडेम गेल्याचं मला एकदाही आठवत नाही.

यात लोडशेडिंगची भर. तासन्‌तास लाईन नसायची, आणि वादळात न्यूट्रल तुटला की काही घरांत २३० व्होल्टच्या जागी ४०० च्या आसपास दाब चढायचा. यूपीएस आम्ही घेतला, पण एक्स्चेंजचीही बॅटरी उतरली की आपला यूपीएस काय करणार?

डोंगलनं फोनची तार तोडली. यूएसबीची लांब केबल जोडून तो कौलांवर स्टीलच्या ताटाला टेकवून ठेवत असू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि मोबाईलचा हॉटस्पॉटच घरचा मोडेम झाला. जळायला काही उरलंच नाही. खोक्यात त्या काळातलं फारसं काही नाही, हे उगाच नव्हे.

आता फायबर आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्रानं २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढं तिचं नाव भारतनेट झालं. आमच्या घरापर्यंतची तार मात्र एका खासगी केबलवाल्याची. काच वीज वाहत नाही. केबल आता तुटते ती जेसीबीनं, नाहीतर वानरांनी झोके घेतल्यानं.

तरी आभाळ भरून आलं की आई ओरडतेच, “काढ रे ते पिन, इज चमकून राहिली!” मी म्हणालो, “आई, काचेची तार हाय ते.” मागच्या जूनमध्ये राऊटर शाबूत राहिला आणि त्याचा १२ व्होल्टचा अॅडॉप्टर मात्र काळा पडला. तो खोक्यात टाकताना ती एवढंच म्हणाली, “अन् पिन कायची हाय?”