गोव्याची आर्थिक कोंडी का फसली?

गोवा मुक्तीचा इतिहास सांगताना आपण सत्याग्रहावरून थेट १९ डिसेंबर १९६१ ला येतो. मधल्या काळात भारताने सैन्य न पाठवता हा प्रश्न सोडवायची धडपड केली. ती का फसली, हे कळल्याशिवाय ‘ऑपरेशन विजय’ ही डिसेंबर १९६१ ची लष्करी कारवाई नीट समजत नाही.

१९५० मध्ये भारताने वाटाघाटींचा प्रस्ताव दिला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने तो धुडकावला आणि १९५१ मध्ये घटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले. आपल्याच प्रांताबद्दल परक्यांशी बोलणी कसली, हा पवित्रा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. १५ ऑगस्ट १९५५ ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. मग भारताने राजनैतिक संबंध तोडले आणि कोंडी आवळली. कॅसलरॉक-मुरगाव रेल्वे थांबली, सीमेवरचा व्यापार थंडावला, मुंबईहून घरी पैसे पाठवणे बंद झाले.

झळ बसली ती मुंबईच्या पगारावर चूल पेटणाऱ्या घरांना. पणजीच्या सरकारला खाणींनी तारले. लोहखनिज बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला येई आणि तिथून जहाजाने जपानला जाई. त्यात भारतीय रेल्वे लागतच नव्हती. हाती आलेल्या परकीय चलनावर हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा येऊ लागला. बंदर खुले ठेवून नुसत्या जमिनीवरच्या वाटा अडवल्या, ही या कोंडीची मूळ उणीव होती.

भारतीय भूमीने वेढलेली दादरा-नगर हवेली ही आपली ठाणी हातची गेल्यावर, तिथे भारतातून ये-जा करण्याच्या हक्कासाठी पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. १२ एप्रिल १९६० चा निकाल बारकाईने वाचावा असा आहे: खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्या ये-जा करण्याचा हक्क मान्य; सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रे व दारूगोळा यांचा नाही. भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असेही न्यायालयाने म्हटले. त्याच वर्षी, डिसेंबर १९६० मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने गोव्याला पोर्तुगालच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले. ‘प्रांत’ हा दावा तिथेच खिळखिळा झाला.

तरीही भारताने गोव्यात सैन्य घातल्यावर १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने युद्धबंदी व सैन्यमाघारीचा ठराव आणला. बाजूने सात, विरोधात चार मते पडली. सोव्हिएत नकाराधिकाराने तो रोखला. गोवा भारताचा असल्याला पोर्तुगालची मान्यता मात्र लिस्बनमधली राजवट उलथल्यावरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने मिळाली.